स्पेसबार दाबायचा नाही

गेल्या वर्षी जत्रेच्या नाटकात, तिसऱ्या अंकात, महाराज प्राण सोडत असताना स्पीकरमधून मोबाइल वाजला. पार्श्वसंगीत माझ्याच फोनवरून चाललं होतं आणि विमान मोड लावायला मी विसरलो होतो. महाराजांचं काम करणाऱ्याने डोळे घट्ट मिटून ठेवले, पण मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलंच, ‘महाराज, फोन घेयात!’

पडदा पडल्यावर मास्तर मला काही बोलले नाहीत. मास्तर म्हणजे आमच्या मंडळाचे दिग्दर्शक. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमचं गाव पेडणे तालुक्यात. दिवाळी सरली की गोव्यात जत्रांचे दिवस सुरू होतात आणि देवळासमोरच्या मंडपात गावकऱ्यांनीच बसवलेलं मराठी नाटक होतं. घरी कोंकणी बोलणारी पोरं दोन महिने ऐतिहासिक मराठीतल्या नकला, म्हणजे आपापल्या वाट्याची वाक्यं, पाठ करतात. म्हापशाला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून मंडळात विजेवर चालणारं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. त्या फोनच्या प्रकरणानंतर ठरलं की आवाजासाठी वेगळं यंत्र हवं. ज्याला फोन येत नाही, मेसेज येत नाही, असं. नवीन घ्यायला पैसे नव्हते. मंडळाचे पैसे पडद्यांत, ड्रेपरीत म्हणजे पोशाखांत, आणि नाटकाच्या रात्रीच्या जेवणात जातात, आणि ते जायलाच हवेत.

दोन उमेदवार होते. एक माझ्याच दुकानात माळ्यावर पडलेला नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, ॲटम प्रोसेसरचा, जुन्या ३२ बिट जातीचा. पंधरा वर्षांपूर्वी अशांना मी विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून सरसकट जिवंत करत असे. आता ते दिवस गेले. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची १३वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ला आली आणि तिच्यात ३२ बिट पीसीसाठी कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इन्स्टॉलर देणं बंद झालं. १२व्या आवृत्तीवर तो अजून काही काळ चालला असता. पण आज मांडायचं आणि उद्या हलवायचं, असलं बिऱ्हाड मला नको होतं.

दुसरा उमेदवार माझ्या मावसभावाच्या कपाटात होता. भाऊ बोटीवर असतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने बाहेरून एसर सी७२० नावाचा क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, आणला होता. ११.६ इंची स्क्रीन, वजन सव्वा किलो. आत इंटेलचा हॅसवेल पिढीचा प्रोसेसर, सेलेरॉन २९५५यू, दोन कोअर, १.४ गिगाहर्ट्झ. रॅम दोन जीबी, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. एसएसडी १६ जीबीची, पण ती मात्र बदलता येते. मुख्य म्हणजे प्रोसेसर ६४ बिट, त्यामुळे नवं डेबियन चालणार.

‘तो बिघडलाय रे,’ मावशी म्हणाली. साड्यांच्या घडीतून तिने तो काढला तेव्हा त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि झाकणावर पावसाळी बुरशीची पांढरी नक्षी. चार्जर लावला, दोन मिनिटांत चालू झाला. बिघडला नव्हताच. त्याची मुदत संपली होती. क्रोमबुकच्या प्रत्येक मॉडेलला गूगल अपडेट थांबण्याची एक तारीख ठरवून देतं. या मॉडेलची तारीख होती जून २०१९. त्या दिवशी यंत्र बंद पडत नाही. फक्त ब्राउझर तिथेच गोठतो, आणि मग एकेक संकेतस्थळ उघडेनासं होतं, बँकेचं पान रुसतं, व्हिडिओ अडतो. घरच्यांना वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला. सप्टेंबर २०२३मध्ये गूगलने दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं ते चांगलं झालं, पण २०१३च्या यंत्राला त्याचा काय उपयोग?

‘क्रोमओएस फ्लेक्स टाक की’ असं मला दोघांनी सुचवलं. फ्लेक्स ही गूगलचीच प्रणाली, पण साध्या पीसीसाठी आणि मॅकसाठी आहे, क्रोमबुकसाठी नव्हे. शिवाय मला ब्राउझर नकोच होता. मला तुतारी हवी होती, घोड्यांच्या टापा, तोफ, पाऊस आणि तिसरी घंटा.

पहिल्या खेपेला मी सावधपणा केला, आणि पुढचं सगळं त्यातूनच उद्भवलं.

क्रोमबुकवर लिनक्स टाकायच्या दोन वाटा आहेत. सोपी वाट अशी: एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर ही तीन बटणं एकदम दाबायची, मग कंट्रोल आणि डी. यंत्र डेव्हलपर मोडमध्ये जातं आणि आतलं सगळं पुसून घेतं. मग टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन जुन्या पद्धतीने बूट, म्हणजे सुरू, व्हायची परवानगी द्यायची. या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, या जुन्या पद्धतीसाठीचं सीबायोस आधीपासून आहे. चालू करताना कंट्रोल आणि एल दाबलं की ते जागं होतं आणि पेनड्राइव्हवरून हवं ते टाकता येतं. झाकण उघडायची गरज नाही. दुसऱ्या वाटेत झाकण उघडून एक स्क्रू काढायचा आणि फर्मवेअरच बदलून टाकायचं. यंत्र दुसऱ्याचं, त्यातून मावशीचं. मी पहिली वाट धरली.

डेबियन १३, वर एलएक्सक्यूटी डेस्कटॉप. १६ जीबीत आरामात मावलं, आणि नुसतं चालू करून ठेवलं तर रॅम सहाशे एमबीच्या आसपास लागत होती. नाटकाचे आवाज वाजवायला लिनक्स शो प्लेअर नावाची प्रणाली घेतली. ती रंगमंचासाठीच बनवलेली आहे: एकाखाली एक आवाजांची यादी, प्रत्येकाला फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं), थांबा, पुढचा आपोआप की हाताने ते ठरवायचं, आणि ‘आता वाजव’ यासाठी एकच बटण. स्पेसबार. हे लक्षात ठेवा.

वाजवणारा माझा भाचा. बारावीत आहे, हात चपळ, आणि नाटकात काम नको पण नाटक हवं असला स्वभाव. त्याने वहीत यादी केली. कुठल्या वाक्यावर कुठला आवाज, किती सेकंद, किती मोठा. अडतीस आवाज झाले.

मास्तरांसाठी मी आणखी एक हौस केली होती. संहिता पडद्यावर टाकून त्यांनी लॅपटॉपवरूनच प्रॉम्प्टिंग करावं, अशी. संहिता पूर्वी कुणीतरी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, ती फाइल मिळाली. पण ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग मीच पहिला अंक इन्स्क्रिप्ट कळफलकावर टाइप केला. ‘ळ’साठी शिफ्ट धरून एन, आणि ‘सुऱ्या’मधला अर्धा र यावा म्हणून शिफ्ट धरून जे, मग डी. रात्री दोनपर्यंत बसून. मास्तरांनी विंगेत बसून पाच मिनिटं पाहिलं. मग म्हणाले, ‘पुता, अंधार झाला की माझं तोंड लोकांना दिसतलें.’ खरंच होतं. ब्लॅकआउटमध्ये विंगेतून निळसर उजेड पडत होता, आणि त्या उजेडात मास्तर भुतासारखे दिसत होते. शिवाय लाल पेन्सिलीच्या त्यांच्या खुणा पडद्यावर कुठे करणार? मास्तर वहीकडे परत गेले. यंत्राकडे एकच काम राहिलं आणि माझ्या मते तिथूनच ते नीट मार्गी लागलं.

आवाजाने दोनदा दगा दिला. पहिल्यांदा काहीच वाजेना. हॅसवेलच्या यंत्रांत एचडीएमआयचा आवाज हे वेगळं साऊंड कार्ड म्हणून दिसतं, बहुधा पहिल्या क्रमांकावर, आणि लिनक्स निमूटपणे सगळा आवाज तिकडे पाठवत बसतं, तिथे काही जोडलेलं नसलं तरी. सेटिंगमध्ये मूळ कार्ड निवडून दिल्यावर तुतारी वाजली. दुसऱ्यांदा, साऊंडवाल्याच्या मिक्सरला वायर जोडली तर स्पीकरमधून एकसारखी गुणगुण. चार्जर काढला की बंद, लावला की सुरू. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या अर्थिंगवर असले की हे होतं. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला तर जातं, पण साऊंडवाल्याकडे तो नव्हता. मग बॅटरीवरच चालवायचं ठरलं. बॅटरी मोजली तर मूळ क्षमतेच्या साठेक टक्के उरली होती. स्क्रीन मंद आणि वायफाय बंद ठेवलं तर साडेतीन तास. आमचं नाटक मध्यंतर धरून तीन तासांचं. पुरत होतं, पण काठावर.

आता त्या पांढऱ्या पडद्याबद्दल.

डेव्हलपर मोडमधला क्रोमबुक दर वेळी चालू करताना पांढऱ्या पडद्यावर इशारा दाखवतो की या यंत्राची तपासणी बंद आहे, पुन्हा चालू करायची तर स्पेस दाबा. आपण स्पेस दाबायची नसते. आपण कंट्रोल आणि एल दाबायचं. मी भाच्याला हे तीनदा सांगितलं, आणि मनगट टेकायच्या जागी जाड मार्करने लिहिलेली चिकटपट्टी लावली: ‘स्पेसबार दाबायचा नाही.’

पण पोराला दोन महिने मी काय शिकवलं होतं? मास्तरांनी बोट वर केलं की स्पेस. तलवार म्यानातून निघाली की स्पेस. त्याच्या अंगठ्याला दुसरं काही माहीतच नव्हतं.

जत्रेच्या सहा दिवस आधी रंगीत तालीम होती. मी दुकान बंद करून यायला उशीर झाला. मास्तरांनी भाच्याला सांगितलं, चालू कर. त्याने चालू केला, पांढरा पडदा आला, तेवढ्यात मास्तरांनी सवयीने बोट वर केलं. अंगठा पडला. पुढच्या पडद्यावर यंत्राने विचारलं, खात्री आहे? ते इंग्रजी वाचायच्या आधी त्याने एंटर दाबलं. मी पोचलो तेव्हा पडद्यावर वाक्य होतं: क्रोमओएस सापडत नाही किंवा खराब झाली आहे.

‘मामा, मी काहीच केलं नाही,’ भाचा म्हणाला. हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो.

काय झालं होतं ते सांगतो, कारण हा सापळा अनेकांना गाठतो. स्पेस आणि एंटरने यंत्र पुन्हा तपासणीच्या मोडमध्ये गेलं. त्या मोडमध्ये ते फक्त गूगलची सही असलेली क्रोमओएस उघडतं, आणि ती तर मी पुसून डेबियन टाकली होती. बरं, पुन्हा डेव्हलपर मोडमध्ये जाता येतं. पण जुन्या पद्धतीने बूट व्हायची जी परवानगी मी दिली होती ती या फेऱ्यात रद्द होते. कंट्रोल आणि एल दाबलं तर नुसता बीप. परवानगी परत द्यायची तर क्रोमओएसच्या आतून द्यावी लागते, आणि क्रोमओएस आणायची तर एसएसडी पुसली जाते. म्हणजे आतलं डेबियन शाबूत, पण त्याच्या दाराची किल्ली आतच राहिलेली. बॅटरी पार तळाला गेली तरीही ही परवानगी उडू शकते. आणि आम्ही तर बॅटरीवरच चालवायचं ठरवलं होतं! हे मला ठाऊक असूनही मी सोपी वाट धरली होती. भाच्याला काय बोलणार?

आवाजांच्या फाइली पेनड्राइव्हवर होत्या. गेली ती अडतीस आवाजांची मांडणी, फेड, वेळा. ती भाच्याच्या वहीत होती. मी मनातल्या मनात त्या वहीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाचा बाजार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. रात्री शटर अर्धं ओढून काम सुरू केलं. आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्रोमओएसचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवला आणि मूळ क्रोमओएस परत आणली. मग झाकण.

खालच्या बाजूला दिसणारे स्क्रू काढले तरी झाकण सुटत नाही. एक वॉरंटीच्या स्टिकरखाली लपलेला असतो. ब्लेडच्या टोकाने स्टिकर उचलला तर स्क्रूचा खळगा तांबूस. आमच्याकडे समुद्राची हवा सोडत नाही कुणाला, साड्यांच्या घडीतल्यालाही नाही. स्क्रूड्रायव्हर दाबून धरून, आधी किंचित घट्ट करून, मग सैल केला. गंजलेला स्क्रू सरळ सोडवायला गेलात तर डोकं घासून जातं. आधी उलट एक कण फिरवायचा, मग तो करकरतो, आणि मग येतो.

आत हवा तो स्क्रू वेगळाच. बोर्डावर एका जागी दोन अर्ध्या कड्यांसारखे तांब्याचे पट्टे असतात आणि स्क्रू त्यांना जोडतो. तो बसलेला असेपर्यंत फर्मवेअरच्या चिपला ‘लिहू देऊ नकोस’ असा निरोप जात राहतो. काढला की चिप मोकळी. सॉफ्टवेअरने कितीही डोकं चालवलं तरी हे कुलूप उघडत नाही. यंत्र हातात असलेल्या आणि स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसालाच ते उघडतं. मला ही कल्पना फार आवडते. एवढ्या सगळ्या गुंतागुंतीच्या सह्यांच्या मुळाशी दोन मिलिमीटरचा एक स्क्रू.

मग मिस्टरक्रोमबॉक्स या संकेतस्थळावरची स्क्रिप्ट, म्हणजे तयार आज्ञांची फाइल. ती आधी संरक्षण उठलंय का ते दाखवते, मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यायला सांगते, आणि मग पूर्ण नवं यूईएफआय, म्हणजे हल्लीच्या साध्या पीसीत असतं तसलं, फर्मवेअर लिहिते. हे नवं फर्मवेअर कोअरबूट नावाच्या खुल्या फर्मवेअरवर आधारलेलं. १९९९ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने हे सुरू झालं आणि २००८मध्ये कोअरबूट झालं. गंमत म्हणजे क्रोमबुकचं मूळ फर्मवेअरही कोअरबूटच. म्हणजे मी परक्याला घरात घेत नव्हतो, घरातल्याच माणसाच्या गळ्यातला पट्टा काढत होतो. मूळ प्रतीची मी आणखी एक प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवली. ती नसेल आणि पुढे मन बदललं, तर पंचाईत होते.

लिहायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढ्यात वीज गेली तर यंत्राची वीट होते, म्हणजे ते चालूच होत नाही. मग चिपला बाहेरून क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने लिहावं लागतं. तो माझ्याकडे आहे, पण घाईत वापरायची वेळ कुणावर येऊ नये. बॅटरी शंभर टक्के भरली, चार्जर इन्व्हर्टरवर लावला, आणि होकार दिला. अर्ध्यावर रस्त्यावरचे दिवे गेले. खरंच गेले. इन्व्हर्टरने एक टक असा आवाज केला, पंखा क्षणभर मंदावला, आणि पडद्यावरचे टक्के पुढे सरकत राहिले. मी चहा घेतला नव्हता तरी माझे हात थरथरत होते.

परत चालू केला. पांढरा पडदा नाही, इशारा नाही, बीप नाही. कोअरबूटच्या चिन्हातला ससा आला, आणि गेला.

डेबियन नव्याने टाकलं, कारण आधीचं जुन्या पद्धतीच्या बूटसाठी मांडलेलं होतं आणि नाहीतरी रिकव्हरीत पुसलं गेलं होतं. चालू केल्यावर थेट लॉगिन आणि थेट शो प्लेअर उघडेल असं केलं. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, स्क्रीनसेव्हर नाही, सूचना नाहीत, ब्लूटूथ बंद. सर्च बटणावर काही ठेवलं नाही, कारण ते कॅप्स लॉकच्या जागी असतं आणि अंधारात हात तिथेच जातो. पंख्यातली धूळ काढली. काढलेला स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आत चिकटवून ठेवला. मावशीची वस्तू आहे, सगळे भाग परत करता आले पाहिजेत. शनिवारी आणि रविवारी भाच्याने वही समोर ठेवून अडतीस आवाज पुन्हा रचले. या वेळी मांडणीची फाइल तीन ठिकाणी.

सगळ्याचा हिशेब दोन पेनड्राइव्ह आणि तीन रात्री. नवी बॅटरी मी मुद्दाम घेतली नाही. मिळते, पण कुठल्या साली बनलेली मिळेल याचा भरवसा नसतो, आणि नाटक सहा तास चालत नाही.

जत्रेच्या रात्री पालखी आत गेल्यावर नाटक सुरू झालं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिसरी घंटा वाजली. पहिला अंक सुरळीत. दुसऱ्यात, वेढ्याच्या प्रसंगात, वीज गेली. रंगमंच काळा, स्पीकर मुके, मंडपात पोरांची शिट्टी. जनरेटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं गेली असतील. विंगेत तेवढ्या एका पडद्याचा मंद उजेड होता आणि त्यात भाच्याचा चेहरा. त्याने चालू असलेला आवाज थांबवून यादीत एक पायरी मागे घेतली होती आणि हात मांडीवर ठेवून बसला होता. दिवे आले, मास्तरांनी बोट वर केलं, अंगठा पडला. टापा जिथे थांबल्या होत्या त्याच्या जरा आधीपासून सुरू झाल्या. महाराजांनी तिसऱ्या अंकात शांतपणे प्राण सोडले. शेवटी बॅटरी एकोणीस टक्के होती.

सामान आवरताना मास्तर लॅपटॉपजवळ आले, चष्मा वर करून वाकून बघायला लागले. मनगटाच्या जागची ती चिकटपट्टी अजून तिथेच होती. नव्या फर्मवेअरनंतर तिची गरज संपली होती आणि काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. पण भाच्याने मार्करने तिच्यावरचा एक शब्द खोडला होता. आता तिथे एवढंच होतं: ‘स्पेसबार दाबायचा.’